चटणीची कृती हवी, चटणीवालीचं नाव नको?
सोलापुरातल्या एका व्यापारी संघटनेच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

संघटनेतर्फे निघणाऱ्या स्मरणिकेची कच्ची यादी व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. शहरातल्या उद्योजकांची ओळख, प्रत्येकाला एक पान, रंगीत फोटो, सुरुवात कशी झाली, आज काय पसारा आहे. कल्पना चांगलीच आहे. यादी वरपासून खालपर्यंत वाचली. चादरवाले आहेत, टॉवेलवाले आहेत, गणवेशवाले, सूतवाले, डाळमिलवाले, हॉटेलवाले, एक मंगल कार्यालयवालेसुद्धा आहेत. कडक भाकरी आणि शेंगा चटणीवाल्या अक्का नाहीत.

अगदीच नाहीत असं म्हणणं तुमच्यावर अन्याय होईल. त्यांची सावली दोन ठिकाणी पडली आहे. एक, त्यांच्या मुलाच्या पानावर. तिथे लिहिलं आहे की वडिलांनी सुरू केलेला कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा व्यवसाय चिरंजीवांनी वाढवला. दोन, शेवटच्या ‘महिला विशेष’ पानांत. तिथल्यासाठी अक्कांकडून शेंगा चटणीची कृती मागवली आहे. साहित्य आणि कृती, दीडशे शब्दांत, फोटो असल्यास उत्तम.

हे पत्र मी उघडं लिहिते आहे, कारण बंद पाकिटातलं आधी देऊन झालं. त्याची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. फोन केला तर ‘मजकूर छपाईला गेलाय, आता कशाला’ असं सांगण्यात आलं. मजकूर छपाईला गेलेला नाही. छापखानेवाले माझे अशील आहेत.

माझा यात संबंध काय तेही सांगते, म्हणजे मागून कोणी शोधायला नको. मी पूर्व भागातली, म्हणजे विणकर आणि विडीवाल्यांच्या तेलुगू वस्तीतली. वडील यंत्रमागावर, अम्मा विड्या वळायची. सकाळी विडी कंपनीच्या ब्रँचमधून तेंदूपान आणि तंबाखू मोजून आणायचा, पानं भिजवायची, पत्र्याच्या मापावर कापायची आणि मांडीवर सूप घेऊन वळायला बसायचं. हजार विड्या झाल्या की दिवस संपला. त्यातल्या किती बाद ठरतील ते घेणाऱ्याच्या नजरेवर. त्या कामाबद्दल मला काडीचाही जिव्हाळा नाही. अम्माच्या खोकल्यात ते काम अजून राहतं. पण एक गोष्ट कबूल करावी लागते. १९६६ चा विडी-सिगार कामगारांचा कायदा आणि १९७६ चा कल्याण निधीचा कायदा यांच्यामुळे अम्माकडे ओळखपत्र होतं, तिच्या स्वतःच्या नावाचं. त्या कार्डावर तिला दवाखाना मिळाला आणि मला शिष्यवृत्ती. मी आज करसल्लागार अशी पाटी लावून बसले आहे, त्या पाटीत त्या कार्डाचा वाटा आहे.

अक्काही आमच्याच गल्लीत विड्या वळत होत्या. त्यांच्याकडेही तसंच कार्ड होतं. दिवसाला हजार विड्या देणारी एक मजूर म्हणून सरकारदरबारी त्यांचं नाव होतं. पुढे त्यांनी स्वतःचा धंदा उभा केला, कित्येक बायकांना विडीच्या सुपापासून उठवून कामाला लावलं, त्यात माझी अम्माही होती. आणि आता तुमच्या कागदावर त्यांचं नाव नाही. मजूर असताना नाव होतं, मालक झाल्यावर गेलं, हे काही मला गिळता येईना.

अक्कांचं पूर्ण नाव मी इथे लिहीत नाही. त्यांनीच बजावलं, “पत्र तुझं हाय, माझं नाव कशाला ओढतीस गं?” संघटनेचं नावही लिहीत नाही. तुमच्यातल्या अनेकांची विवरणपत्रं मी भरते, तुमच्या घरच्या लग्नांत जेवले आहे, आणि ज्यांना कळायचं त्यांना नावाशिवाय कळतंच.

आता अक्कांनी केलं काय ते सांगते. तुमच्या यादीत प्रत्येकाला एक पान आहे, मी थोडी जास्त जागा घेणार आहे.

कडक भाकरी हा आमच्या तेलुगू घरांतला पदार्थ नव्हे, आमच्याकडे भात. अक्कांनी ती शेजारच्या कानडी आजींकडून उचलली, आजी अक्कलकोटकडच्या. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो म्हणून ते कढत पाण्यात मळायचं, भरपूर मळायचं, पलीकडचा हात जाणवेल इतकी पातळ भाकरी थापायची, वरून तीळ दाबायचे. तव्यावर भाजून झाली की खरं काम सुरू होतं. निखाऱ्याच्या कडेला मंद आचेवर ती वाळवायची. आत ओल राहिली तर बुरशी धरते, ओल गेली तर महिना-दोन महिने काही होत नाही. “सगळा धंदा त्या ओलीवर उभा हाय,” असं अक्का म्हणतात. मी अनेक धंद्यांचे ताळेबंद पाहिले आहेत. आपला धंदा नेमका कशावर उभा आहे हे इतक्या थोडक्यात सांगणारे मालक मला फार भेटले नाहीत.

गिरण्यांचं काय झालं ते सोलापूरकराला सांगायला नको. १८७७ ची जुनी मिल, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. एकेकीचा भोंगा थांबत गेला. अक्कांचे यजमान त्यातल्याच एका गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते बरीच वर्षं घरी होते, पुढे आजारात गेले. माणूस चांगला होता, भाकरीच्या गठ्ठ्याला सुतळी बांधून द्यायचा. पण धंदा त्यांनी सुरू केला हे वाक्य त्यांनी स्वतः ऐकलं असतं तर त्यांनाच हसू आलं असतं.

सुरुवातीला भाकरी मधल्या मारुतीजवळच्या दुकानांत जायची आणि पुण्याला शिकायला निघालेल्या पोरांच्या पिशव्यांतून. पोरांच्या खोल्यांवरून मागणी आली तेव्हा अक्कांनी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं गठ्ठे पाठवायला सुरुवात केली. दुपारच्या जेवणाला सोलापूरची भाकरी पुण्यात. पण अर्धी मोडलेली. मोडीनं नफा खाल्ला, काही महिने तर मुद्दलही खाल्लं. इथे दुसरं कोणी असतं तर पुण्याचा नाद सोडून दिला असता. अक्कांनी काय केलं? सगळ्या भाकरी एकाच मापाच्या करायला लावल्या. त्यासाठी प्रत्येक पाटापुढे एकाच आकाराची स्टीलची ताटली ठेवली आणि कडा तिच्या बाहेर जायला मनाई केली. एका मापाची भाकरी एकावर एक नीट बसते, खोक्यात हलत नाही. खोकी आणली टॉवेलच्या कारखान्यांतून, वापरून टाकलेली. तरी जी मोडायची तिचा चुरा वेगळा विकायला काढला, ताकात किंवा आमटीत कालवून खायला. आज चुऱ्याला स्वतःचं गिऱ्हाईक आहे. तुमच्या यादीत एका टॉवेलवाल्यांच्या पानावर ‘उत्पादनातील कल्पकता’ असा मथळा आहे. त्यांचे टॉवेल खरोखर उत्तम असतात. पण कल्पकता म्हणजे काय हे पाहायचं असेल तर त्यांचीच रिकामी खोकी कुठे जातात तेही पाहावं.

मग ज्वारी. रब्बीची ज्वारी फाल्गुन-चैत्रात बाजारात येते आणि तेव्हाच काय ती भावात असते. अक्कांना मालदांडीच लागते. मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रात निवडलेलं ते एम ३५-१ वाण, त्यातही मंगळवेढ्याच्या काळ्या रानातलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन २०१६ मध्ये मिळालं. अक्का पिठाच्या वासावरून ती त्याच्या किती आधीपासून ओळखत होत्या. वर्षाची ज्वारी चैत्रात एकदम भरायची तर हातात रोकड हवी. बँकेत गेलं की पहिला प्रश्न तारणाचा. अक्कांचे हिशेब मी पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा एक नोंद पुन्हा पुन्हा दिसली. दर चैत्रात त्यांचं सोनं गहाण पडत होतं आणि दिवाळीच्या विक्रीनंतर सुटून येत होतं. वर्षानुवर्षं. मंगळसूत्रसुद्धा. गल्लीतल्या बायकांची भिशी आणि हे सोनं, एवढंच त्यांचं खेळतं भांडवल. पूर्ण फेडीचा असा इतिहास तुमच्या कोणा सभासदाकडे असता तर बँकेचा व्यवस्थापक घरी चहाला आला असता.

बायका कामाला आल्या त्या एकीच्या ओळखीनं दुसरी अशा. त्यांच्याकडे मजुरी नगावर आहे आणि नग बायका स्वतः मोजतात, वहीत स्वतः लिहितात. जिला लिहिता येत नाही ती रेघा मारते. बाद ठरवायची पाळी आली तर भाकरी तिच्यासमोर मोडून दाखवायची, आत ओल आहे की नाही ते तिनंच बघायचं. विडीच्या ब्रँचमध्ये उभं राहिलेल्या बाईलाच हा नियम सुचू शकतो.

आणि तो फळा. मला अक्कांच्या सगळ्या कामांत तोच सर्वांत आवडतो, म्हणून त्याच्यावर जरा रेंगाळते. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. उजनी काठोकाठ असली तरी चार-पाच दिवसांआड, आणि पेठेपेठेची वेळ वेगळी. ज्या दिवशी पाणी, त्या दिवशी घरातली बाई बाहेर पडू शकत नाही. पिंप, हंडे, बादल्या, वरच्या मजल्याची मोटर, धुणं, सगळं त्याच दोन-तीन तासांत. बाकी सगळीकडे याला खाडा म्हणतात आणि पैसे कापतात. अक्कांनी शेडच्या भिंतीवर एक काळा फळा लावला. कोणत्या पेठेत पाणी कधी, हे त्यावर खडूनं लिहिलेलं असतं, आणि कामाच्या पाळ्या त्यावर बेतलेल्या असतात. साखर पेठेच्या बायका पाणी भरत असतात तेव्हा नीलमनगरच्या बायका थापायला बसलेल्या असतात. पाण्याची वेळ अचानक बदलली की ज्या बाईला आधी कळेल तिनं येऊन फळा बदलायचा. गैरहजेरी जवळपास संपली. हा फळा काही कोणी शिकवलेला नाही. मनुष्यबळ व्यवस्थापनावर तुम्ही दरवर्षी बाहेरून व्याख्याते आणता. पुढच्या वेळी त्यांना स्टेशनवरून आधी या शेडवर न्या.

शहराबाहेरच्या कुंभारीचंही सांगायला हवं. २००६ मध्ये तिकडे विडी कामगार बायकांसाठी १० हजार घरांची वसाहत झाली, गोदूताई परुळेकरांच्या नावानं. जानेवारी २०२४ मध्ये त्याच बाजूला रे नगरच्या १५ हजार घरांच्या किल्ल्या मिळाल्या. हक्काचं घर मिळालं ही मोठीच गोष्ट. पण काम शहरात राहिलं आणि बायका कुंभारीला गेल्या. जाण्यायेण्यात मजुरीचा लचका तुटायला लागला तेव्हा अक्कांनी तिकडेच भाड्यानं जागा घेतली आणि तवे तिकडे नेले. पीठ इथून जातं, भाकरी तिथून येते. हिशेबनीस म्हणून मी याला विरोध केला होता, वाहतूक परवडणार नाही म्हणून. परवडत फारसं नाहीच. अक्का ते चालवतात.

लॉकडाऊनमध्ये काय झालं ते थोडक्यात. विडीचे कारखाने बंद, पान-तंबाखू बंद, आणि पूर्व भागातल्या गल्ल्या बांबू लावून बंद. अक्कांनी भरून ठेवलेल्या वर्षाच्या ज्वारीतला मोठा भाग दळून उधारीवर वाटला. त्यातली बरीच उधारी वहीत अजून उभी आहे आणि ती ‘बुडीत’ म्हणून लिहायला त्या मला परवानगी देत नाहीत.

आता माझ्या हरकती.

पहिली हरकत मुलाच्या पानाला. मुलगा हुशार आहे, ऑनलाइन विक्री त्यानं बसवली, तो यादीत असायला माझी ना नाही. पण तो धंद्यात आला तेव्हा धंदा त्याच्याहून वयानं मोठा होता. ही चूक त्यानं स्वतः तुमच्या कार्यालयात येऊन दाखवली. त्याला उत्तर मिळालं, ‘सभासदत्व तुमच्या नावावर आहे, आम्ही काय करणार?’ १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या कागदांवर आईचं नाव लावायचं असा निर्णय राज्यानं घेतला. तान्ह्या मुलाला जे जमतं ते तुमच्या यादीला जमू नये?

दुसरी हरकत या सभासदत्वालाच आहे, आणि खरी गाठ इथे आहे. अक्कांनी अर्ज केला नाही असं कोणी म्हणू नये. केला होता, परत आला. तुमच्या नियमाप्रमाणे जागेचा उतारा किंवा व्यापारी वीजजोडणी अर्जदाराच्या नावावर लागते. शेडची जागा यजमानांच्या नावावर होती. ते गेल्यावर वारसांची नावं लागली, आणि बँकेच्या सोयीसाठी कागदोपत्री मुलगा पुढे झाला. सोलापुरात किती बायकांच्या नावावर जागा आहे? तुमच्याच घरांत विचारून बघा. ज्या शहरात बाईच्या नावावर भिंत नसते तिथे भिंतीचा कागद मागणं म्हणजे दार लावून घेणंच झालं. नियम करताना कोणाच्या मनात तसं नसेलही. परिणाम तोच होतो.

आणि हा नियम आज गरजेचाही नाही. १ जुलै २०२० पासून लहान-मध्यम उद्योगांसाठी केंद्र सरकारची उद्यम नोंदणी आहे. आधार आणि पॅनवर होते, जागेचा उतारा लागत नाही, शुल्क नाही. अक्कांची उद्यम नोंदणी त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे. मीच केली आहे. अन्नसुरक्षेची नोंदणीही त्यांच्याच नावावर आहे. उद्या चटणीत काही निघालं तर नोटीस त्यांना येईल. जबाबदारीला त्या चालतात, पानाला चालत नाहीत.

तिसरी हरकत एका शब्दप्रयोगाला नव्हे, त्यामागच्या समजुतीला. बैठकीत कोणीतरी म्हणालं म्हणे की हा ‘घरगुती स्वरूपाचा’ उद्योग आहे, म्हणून तो महिला पानांत. आकड्यांचं बोलू. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींच्या आत गुंतवणूक आणि दहा कोटींच्या आत उलाढाल असलेला कोणताही उद्योग केंद्र सरकारच्या लेखी सूक्ष्म उद्योग. तुमच्या यादीतले बहुतेक जण याच कप्प्यात बसतात. मी त्यांची विवरणपत्रं भरते, मला माहीत आहे, आणि याहून जास्त बोलणं माझ्या व्यवसायाला शोभणार नाही. अक्काही त्याच कप्प्यात आहेत. कायद्यानं ज्यांना एका पंक्तीत बसवलं त्यांच्यातल्या एकीलाच तुम्ही उठवून स्वयंपाकघरात पाठवलं.

शिवाय घरगुती म्हणायचं तर आपल्या शहराचा निम्मा कापडधंदा घरगुतीच होता. माग घरात, मागाच्या शेजारी पाळणा, आणि मागासाठी सुताच्या कांड्या भरायला घरातली बाई. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळून आता वीस वर्षं झाली. त्या चादरीसाठी कांड्या भरणाऱ्या बायकांना त्या काळात कोणी मजुरीही दिली नाही. माझ्या आजीनं भरल्या आहेत. तुमच्यापैकी कित्येकांच्या आज्यांनीही.

चौथी हरकत पुराच्या फोटोला. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, माढा-मोहोळकडची गावंच्या गावं पाण्यात गेली. चूल पेटवायला कोरडी जागा नव्हती. अशा वेळी न शिजवता खाता येईल असं अन्न लागतं आणि आपल्याकडे ते पिढ्यान्‌पिढ्या आहे. अक्कांच्या शेडमध्ये रात्रंदिवस तवे चालू राहिले, भाकरी आणि चटणी टेम्पो भरून गेली. टेम्पोवर बॅनर संघटनेचा होता. टेम्पोचं भाडं संघटनेनं दिलं, डिझेल दिलं, हे मी नाकारत नाही. भाकरीचे पैसे कोणी दिले नाहीत आणि अक्कांनी मागितलेही नाहीत. स्मरणिकेच्या ‘सामाजिक बांधिलकी’ या पानावर तोच टेम्पो आहे, पुढे हार घातलेले पदाधिकारी आहेत, खाली सगळ्यांची नावं आहेत. भाकरी थापणाऱ्या एकीचंही नाव नाही.

पाचवी हरकत कृतीला. चटणीचं प्रमाण हा धंद्याचा माल आहे. शेंगदाणे किती भाजायचे, लसूण कधी टाकायचा, तेल सुटेपर्यंत किती कुटायचं, मिरची कुठली, हे अक्कांनी घातलेल्या वर्षांतून आलं आहे. तुम्ही चादरवाल्यांकडून त्यांच्या डिझाइनचे पंचकार्ड मागितलेत का, स्मरणिकेत छापायला? नाही ना.

सहावी लगेच संपते. अक्का एकट्या नाहीत. गणवेश शिवणाऱ्या बायकांची पूर्ण लाइन चालवणारी एक आहे, रुग्णालयांना डबे पुरवणारी एक आहे, मंगळवार बाजारात घाऊक मिरचीचा व्यवहार करणारी एक आहे, जिच्या शब्दावर भाव थांबतो. यादीत यातली कोणी नाही. आणि यादी करणाऱ्या कार्यकारिणीतही आजवर एक बाई बसलेली नाही.

तुमच्या बाजूचं एक म्हणणं मला ठाऊक आहे. पानं मोजकी, खर्च जाहिरातींवर, ज्यांनी जाहिरात दिली त्यांना आधी जागा. ठीक आहे. मग मुखपृष्ठावर ‘सोलापूरचे उद्योजक’ न छापता ‘आमचे जाहिरातदार’ असं छापा, मी हे पत्र त्याच दिवशी मागे घेते. संघटनेनं यंत्रमागाच्या वीजदरासाठी आवाज उठवला तेव्हा, विमानसेवेसाठी निवेदनं दिली तेव्हा, तुम्ही ‘सोलापूरच्या व्यापारउदिमाच्या वतीनं’ असंच लिहिलं होतंत. त्या उदिमात अक्कांची शेडही धरली होती. वजन दाखवताना धरायचं आणि मान देताना वगळायचं, असं चालणार नाही.

माझ्या मागण्या अशा.

स्मरणिकेच्या मुख्य भागात अक्कांना त्यांच्या स्वतःच्या नावानं आणि संस्थापक म्हणून पान द्यावं. मुलाचा उल्लेख त्याच पानावर, आजचा भागीदार म्हणून. हे त्यालाही मान्य आहे, त्याचं लेखी पत्र मी जोडलं आहे.

चटणीची कृती छापू नये. ‘महिला विशेष’ पानं रद्द करून त्यातल्या ज्या बायका धंदा करतात त्यांना मुख्य यादीत घ्यावं.

पुराच्या फोटोखाली भाकरी कोणत्या शेडमधून गेली ते लिहावं आणि तिथे काम केलेल्या बायकांची नावं द्यावीत. नावं माझ्याकडे आहेत, मजुरीच्या वहीत.

सभासदत्वासाठी जागेच्या कागदाऐवजी उद्यम नोंदणी ग्राह्य धरावी. हा ठराव येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. परत पाठवलेले अर्ज, अक्कांचा धरून, त्यानंतर पुन्हा विचारात घ्यावेत.

कार्यकारिणीच्या पुढच्या निवडणुकीत निदान दोन जागा महिला सभासदांसाठी असाव्यात. आधी सभासद तरी करून घ्या, मग उमेदवार मिळत नाहीत असं कोणी म्हणणार नाही.

हे होईपर्यंत छपाई थांबवावी आणि निर्णय लेखी कळवावा. मला नाही कळवलं तरी चालेल, अक्कांना कळवा. पत्ता तुमच्याकडे आहे, दिवाळीत चटणीची पाकिटं त्याच पत्त्यावरून येतात.

कळावे,
आपली,
पूर्व भागातली एक करसल्लागार
सोलापूर

ता. क. अक्कांच्या पानाचा मजकूर मी लिहून देते, तुमच्या शब्दमर्यादेत. त्याचं बिल लावणार नाही. फोटो मात्र शेडवर येऊन काढावा लागेल, कारण स्टुडिओत जायला त्यांना वेळ नाही. येण्याआधी फळा बघून या. कुठल्या पेठेचं पाणी आहे त्यावर त्या दिवशी फोटोत कोण कोण असेल ते ठरेल.